पायाळू

उत्तर, पहिला खर्डा:
माझं नाव तनुजा. मी मिशिगनमध्ये ऑस्टिओपॅथिक मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात पहिल्या दिवसापासून शिकवतात की आजाराकडे नाही, संपूर्ण माणसाकडे बघायचं. संपूर्ण माणूस म्हणजे

इथं तिला जांभई आली.

पडेगावात आत्याच्या घरी, वरच्या खोलीत, ती लॅपटॉपच्या पडद्यातल्या स्वतःच्या चेहऱ्याशी बोलत होती. 'संपूर्ण माणूस' या शब्दांचा आता चोथा झाला होता. या हिवाळ्यात तिने ते इतक्या मुलाखतींत म्हटले होते की ते म्हणताना ती बहुतेक जेवणाचा विचार करायची.

प्रश्न सगळीकडे एकच. तुमच्याविषयी सांगा. त्याच्या पोटात दुसरा असायचा, आणि तो कधी हसत, कधी न हसता बाहेर पडायचा: मग डीओ का?

अमेरिकेत डॉक्टर दोन रस्त्यांनी होता येतं, एमडी आणि डीओ. दोघंही औषधं लिहितात, दोघंही ऑपरेशनं करतात. डीओवाल्यांना वर हातांनी सांधे-स्नायू चाचपून मोकळे करायला शिकवतात, एवढाच फरक. कागदावर एवढाच. प्रत्यक्षात डीओवाल्याने आपली परीक्षा द्यायची, आणि मोठ्या ठिकाणी अर्ज करायचा असेल तर एमडीवाल्यांचीही द्यायची. तनुजाने दोन्ही दिल्या, एकाच उन्हाळ्यात. तेव्हा गेलेली झोप अजून पुरती परत आली नव्हती.

तिला इंटर्नल मेडिसिन हवं होतं, आपल्याकडचं एमडी मेडिसिन. आणि ते एका मोठ्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात हवं होतं, जिथं डीओवाला एखाद्या वर्षी घेतात, एखाद्या वर्षी घेतच नाहीत. लहान हॉस्पिटलांच्या मुलाखती होऊन गेल्या होत्या. मोठ्याची ही एकच आली होती. गुरुवारी संध्याकाळी, तिथल्या सकाळी, व्हिडिओवर.

उत्तर, दुसरा खर्डा:
माझा जन्म औरंगाबादचा, आता छत्रपती संभाजीनगर. वडील सुदर्शन वाळूजच्या कारखान्यात होते. मी नऊ वर्षांची असताना कंपनीने त्यांना मिशिगनला पाठवलं. शेवटच्या वर्षात एक महिना कुठल्याही हॉस्पिटलात काम शिकता येतं, म्हणून मी इथं परत आले, माझ्या माणसांची सेवा

नको. सेवा नको. सेवा म्हटलं की समोरचे घड्याळाकडे बघतात.

*

डीओ म्हणजे काय, आत्याच्या मते:

हाडाची डॉक्टर. दीपमाला आत्याने हे पूर्ण गल्लीत सांगून टाकलं होतं. तनुजा वॉर्डातून परतली की ओट्यावर दोन-तीन बाया गुडघे घेऊन बसलेल्या असायच्या.

"आत्या, मी हाडाची नाही गं. मला मेडिसिन करायचंय. बीपी, साखर, हृदय, फुप्फुस."

"मंग हाड काय माणसाच्या बाहेर असतंय का?" आत्या म्हणायची. "बघ जरा मावशीचा गुडघा. लई लांबून आली ती."

"कुठून?"

"मागच्या गल्लीतून."

डीओ म्हणजे काय, फहमिदाच्या मते:

डोळ्यांची. फहमिदा मेडिसिनच्या वॉर्डात रेसिडेंट होती. पहिल्याच दिवशी ती तनुजाचं ओळखपत्र वाचून म्हणाली, "डीओ? मग इथं काय करतेस? डोळ्यांचा वॉर्ड पलीकडं आहे." इथं डीओ म्हणजे डोळ्यांचा डिप्लोमा. तनुजाने समजावून सांगितलं. फहमिदाने सगळं ऐकून घेतलं आणि वॉर्डबॉयला हाक मारली, "ओ मामा, डोळ्यांच्या मॅडमसाठी खुर्ची आणा." महिनाभर ती डोळ्यांची मॅडमच राहिली.

डीओ म्हणजे काय, सखाराम काकांच्या मते:

शिकायची काही गरजच नव्हती.

सखाराम काका शेजारचे. पर्यटकांना जीपमधून वेरूळला न्यायचे, आणायचे. तनुजा आली त्या दिवशी स्टेशनवर घ्यायला तेच आले होते. बॅग उचलता उचलता म्हणाले, "इतके वर्षं शिकू राहिली तू. आन् तू तर पायाळू! तुला कशाला पायजे डिग्री?"

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे डोक्याआधी पाय बाहेर आले तो. पाठीत उसण भरली, एकदम अशी चमक निघाली की वाकता येईना, वळता येईना, तर पायाळू माणसाने पाठीला पाय लावावा. उसण जाते. निदान इकडं सगळ्यांना ठाऊक आहे की जाते.

अमेरिकेला जायच्या आधी, सकाळी शाळेच्या वेळेला, माणसं यायची. ओट्यावर पालथी पडायची. आई म्हणायची, जा, लाव पाय. वडील पेपराआड चिडायचे. तनुजाला त्यातलं फारसं आठवत नव्हतं. आठवायचं ते एवढंच, की तळपायाखाली एक मोठा माणूस श्वास घेतोय आणि आपण हललो तर तो ओरडेल.

ही गोष्ट तिने अमेरिकेत कोणालाही सांगितली नव्हती.

*

सराव. जागा: हॉस्पिटलचं कॅन्टीन. मुलाखत घेणारी: फहमिदा, रात्रपाळी करून आलेली, डोळे अर्धे मिटलेले.

"तुमच्याविषयी सांगा," फहमिदा म्हणाली आणि समोसा मोडला.

तनुजाने सांगितलं. संपूर्ण माणसापर्यंत आली.

"थांब. झोप लागली मला."

"तू आधीच झोपेत होतीस."

"माझ्या झोपेचं सोड. डीओ का?"

"कारण हातांनी..."

"खरं सांग, यार. इथं कोण ऐकतंय?"

तनुजाने चहाच्या ग्लासवरची साय बोटाने बाजूला केली. "एमडीला नंबर नाही लागला. दोन वर्षं लागला नाही. डीओला लागला."

"हां. हे खरं आहे. पण हे सांगू नको." फहमिदाने डोळे चोळले. "आणखी काय आहे तुझ्याकडं?"

तेव्हा तिने पायाळूचं सांगितलं. फहमिदा खडबडून जागी झाली.

"अगं हेच सांग! आमच्या मोहल्ल्यात पण आहे एक पायाळू चाचा. किराणावाला. माझे अब्बू, शाळेत सायन्स शिकवायचे, त्या चाचाच्या दुकानात जाऊन पालथे पडायचे, आणि वरून म्हणायचे, कोणाला सांगू नको."

"वेडी आहेस का? त्यांना आधीच वाटतं आम्ही अंगारे-धुपारेवाले. आणि मी जाऊन सांगू, मी लाथ मारून बरं करते?"

"लाथ नाही. पाय."

"इंग्रजीत एकच वाटतं गं ते."

फहमिदा हसली, मग टेबलावर डोकं ठेवून खरंच झोपली. तनुजाने तिचा समोसा संपवला.

*

गुरुवार.

दुपारपासून तनुजा खोलीत होती. दार लावलेलं, कानांवर हेडफोन, जुन्या मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकत. वर पांढरा शर्ट आणि काळा कोट, खाली पायजमा आणि मोजे, कारण फरशी गार होती. तिने आत्याला बजावून ठेवलं होतं: मिक्सर नको, टीव्ही नको, वर कोणाला सोडू नको. आत्याने हात जोडून दाखवले होते, व्हय माय.

साडेसातला थोडा वेळ उरला असताना दार ढकललं गेलं. सखाराम काका. एक हात कंबरेवर, एक चौकटीवर, तोंड कसनुसं.

तिने हेडफोन एका कानावरून सरकवला.

"तनू. भरली बघ. पाठीत. लाव गं पाय जरा."

"काका, माझी मुलाखत..."

"म्हाईत हाय. एकच मिनिट. वाकता येईना मला."

नाही म्हणायला जेवढा दम लागला असता तेवढा तिच्यात नव्हता. ती उठली. काका कण्हत फरशीवर पालथे झाले.

"मोजा काढ की."

"असू द्या, काका. वेळ नाहीये."

तिने उजवा पाय त्यांच्या पाठीवर टेकवला. लहानपणी टेकवायची तसाच, नुसता, भार न देता. तळपायाखाली माणूस श्वास घेत होता. भरभर घेत होता. ती मनात पहिलं वाक्य जुळवत होती.

"झालं?"

"झालं. हलकं वाटलं, पोरी." ते चौकटीला धरून उठले आणि गेले.

तिने दार लावलं. बसली. हेडफोन. पडद्यावर हिरवा ठिपका.

*

प्रश्न, खरा:

डॉ. व्हिटलॉक पन्नाशीच्या होत्या, चष्मा केसांत खोवलेला, मागे पुस्तकांचं कपाट. त्या चांगल्या वागत होत्या, आणि तेच जड जात होतं. तुमच्याविषयी सांगा, म्हणाल्या. तनुजाने सांगितलं. जांभई आली नाही. वॉर्डातल्या एका डेंग्यूच्या पेशंटविषयी सांगितलं, तेही बरं झालं. व्हिटलॉक पुढे झुकल्या.

"मग डीओ का?"

उत्तर:
आम्हाला आधी स्पर्श करायला शिकवतात. तपासणीची यंत्रं नंतर. हात ठेवला की पेशंट सांगायच्या आधी बरंच काही कळतं. स्नायू कुठं आखडलाय, त्वचा गार आहे की गरम, कोरडी आहे की

ओली.

टेबलाखाली तिचा उजवा पाय गार पडला होता. मोजा ओला होता.

"कोरडी आहे की?" व्हिटलॉक म्हणाल्या.

पुरुष. पंचावन्नच्या पुढे. पाठीत दुखतंय. कुठं, वर की खाली? विचारलं नाही. केव्हापासून? विचारलं नाही. धाप, आहे. घाम, आहे, जानेवारीत, संध्याकाळी, मोजा भिजेल इतका. साखर? विचारलं नाही. तंबाखू, हो, जीपमध्ये पुडी असते. आधी कधी असं झालं होतं? विचारलं नाही. मी काय विचारलं? झालं का, एवढं विचारलं.

पाठीत दुखणं, धाप, घाम. हे तिन्ही एका माणसात दिसले की पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा आधी हृदयाचं नाव घेतं. तिने पाय ठेवून वाक्य जुळवलं होतं.

"तनुजा? आवाज येतोय ना?"

येत होता. व्हिटलॉकच्या कपाटातलं एक पुस्तक उलटं ठेवलेलं होतं, तेही दिसत होतं. ही एकच मुलाखत होती. मागचा उन्हाळा, दोन्ही परीक्षा, सगळं या चौकटीत येऊन बसलं होतं.

"माफ करा," ती म्हणाली. "मला एका पेशंटकडे जायला हवं."

"आत्ता?"

"आत्ता."

जिना ओला होता. दुसऱ्या पायरीवर ती घसरली, कठड्याला धरून सावरली, आणि पायरी ओली का आहे हा विचार तिच्या मनात आला नाही.

*

काका त्यांच्या ओट्यावर खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते. त्यांची बायको मनकर्णाबाई दारात उभी राहून साडीचा काठ पिळत होती.

"काका, छातीत दुखतंय?"

"नाय."

"डाव्या हाताला मुंग्या? जबड्यात दुखतंय? मळमळ?"

"नाय गं. तुझी मुलाखत झाली बी?"

तिने त्यांचं मनगट धरलं. नाडी बरी होती. थोडी जलद, पण नियमित. "मग एवढा घाम कशाचा?"

"घाम?" काकांनी बनियन चिमटीत धरून बघितलं, जसं दुसऱ्याचं असावं. "कुठला घाम?"

"घाम कशाचा माय," मनकर्णाबाई म्हणाली, "पाणी हाय ते. आज नळ आले नं."

तनुजाने खाली आपल्या ओल्या मोज्याकडे बघितलं.

"आठ दिसांनी आले. आन् तुझी आत्या मोटर लावू देईना. म्हणती घर्र घर्र आवाज व्हतो, पोरीची मोठ्या सायबासंग मुलाखत हाय. मंग ह्यांनी खालच्या नळाचे कॅन भरू भरू खांद्यावर गच्चीच्या टाकीत नेले. तुमचे बी, आमचे बी. म्हणलं, अहो वय काय, करता काय. भरली उसण मंग."

"एक कॅन गळका व्हता," काकांनी खुलासा केला. "पार पाठीवर."

गल्लीत दोन्हीकडे बादल्या, पिंप, पाइप. एक बाई अंगण धुऊन घेत होती. सगळं पडेगाव ओलं होतं, आणि दुपारपासून हेडफोन लावून बसलेली तेवढी एकटीच कोरडी होती.

तिने तरीही नाडी पुन्हा मोजली. डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली, पायांना सूज आहे का पाहिली, पाठीवर बोट ठेवून विचारत गेली, इथं? इथं? दुखत होतं ते कंबरेच्या वर, उजवीकडं, बोट ठेवलं की काका बशीसकट उडत होते. हृदय असं बोटाखाली दुखत नाही.

"उद्या माझ्यासोबत हॉस्पिटलात चला. एक पट्टी काढू हृदयाची."

"उसणीची पट्टी निघती का?" काका म्हणाले. "आन् तू जा की वर. सायब बसला असंल नं."

*

सायब बसला नव्हता. व्हिटलॉकची वेळ संपली होती आणि मुलाखतींच्या सॉफ्टवेअरने तिला आपोआप पुढच्या मुलाखतीच्या चौकटीत ढकललं होतं. तिथं एक तरुण वरिष्ठ रेसिडेंट होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, फहमिदासारखाच थकवा. त्याने कागदावरून पहिला प्रश्न वाचला.

"आजचा दिवस कसा चाललाय?"

पाठ केलेलं उत्तर होतं: खूप छान, आणि तुमचा?

ती म्हणाली, "मी पहिली मुलाखत अर्धी टाकून उठून गेले."

"का?"

मग तिने सांगितलं, सगळं, सरावाशिवाय, जसं आठवेल तसं. मध्येच ती अडली, कारण पायाळूला इंग्रजीत शब्द नव्हता. ब्रीच होता, पण ब्रीचने उसण जात नाही. आणि उसणीलाही शब्द नव्हता. नळ आले, यालाही खरं तर नव्हता. पाणी येणं ही घटना असते हे समजावताना तिला दम लागला.

तो हसला नाही. "मग, हृदय होतं?"

"नाही. पाणी होतं."

"हं," तो म्हणाला आणि त्याने काहीतरी टाइप केलं. काय, ते दिसलं नाही. उरलेले प्रश्न त्याने क्रमाने विचारले, तिने क्रमाने उत्तरं दिली, आणि पडदा काळा झाला.

जेवताना आत्या म्हणाली, "आवाज नाय ना झाला?"

"नाही आत्या," तनुजा म्हणाली. "अजिबात नाही झाला."

*

सकाळी काकांनी स्वतःच जीप चालवत तिला हॉस्पिटलात नेलं आणि स्वतःच पलंगावर जाऊन पडले. फहमिदाने ईसीजी हातात धरून खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला.

"नॉर्मल."

"माहीत होतं."

"मग काढला कशाला?"

"माहीत होतं म्हणून नाही काढला. विचारलं नव्हतं म्हणून काढला."

फहमिदाने पट्टीची घडी घातली. तिला तनुजाकडून रात्रीच सगळं फोनवर कळलं होतं आणि ती यावर काहीतरी बरं बोलणार असं वाटत होतं. "बहुतेक वेळा पाणीच निघतं, यार," ती म्हणाली. "मी तर रोज धावते. चल, राउंड आहे. डोळ्यांच्या मॅडम, चला."

व्हिटलॉकना तनुजाने ईमेल लिहिला. चार वेळा लिहून खोडला, मग तीन ओळी ठेवल्या. उत्तर दोन ओळींचं आलं. तुमचा पेशंट बरा असेल अशी आशा आहे. दुर्दैवाने मुलाखतीची वेळ पुन्हा देता येत नाही.

*

मार्चमध्ये अमेरिकेतला एक संगणक मुलांच्या पसंतीचे क्रम आणि हॉस्पिटलांच्या पसंतीचे क्रम एकमेकांना जुळवतो, आणि जिथं नाव निघेल तिथं जायचं असतं. तनुजाने विद्यापीठाचं नाव पहिलं टाकलं होतं. का टाकलं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

तिचं नाव चौथ्या पसंतीला निघालं. ओहायोतल्या एका गावाचं हॉस्पिटल. मेडिसिन मिळालं. विद्यापीठ नाही मिळालं. अर्धी मुलाखत टाकल्यामुळे, की डीओ होती म्हणून, हे कोणी कळवत नाही. ती त्या रात्री खूप झोपली. सकाळी उठली तर आत्याचा व्हिडिओ कॉल वाजत होता. तिकडं संध्याकाळ झाली होती.

"लागला का नंबर?"

"लागला. पण मोठ्या ठिकाणी नाही, आत्या. लहान हॉस्पिटल आहे."

"पेशंट येतात का तिथं?"

"येतात की."

"मंग?" आत्याने विषय संपवला. "बरं ऐक. सखारामभाऊ इथंच हायेत. त्यांनी समद्या गल्लीत सांगून ठेवलंय, आमची डॉक्टरीण अमेरिकेच्या सायबाला तसाच बसवून माझ्याकडं पळत आली. पार वेरूळपर्यंत सांगत्यात, गिऱ्हाइकाला. आन् आज परत भरली."

फोन हलला. ओट्याची फरशी, मनकर्णाबाईचे पाय, मग सखाराम काका, पालथे, हनुवटी उशीवर.

"तनू. लाव गं."

"काका, मी मिशिगनमध्ये आहे."

"तर काय झालं? दीपाताई फोन पाठीला लावती. तू तिकडून पाय लाव."

तनुजाने डोळे मिटले, उघडले. खोलीभर कपडे पडलेले, अभ्यासाची पुस्तकं अजून खोक्यात भरायची होती, अंग जड होतं. तिने फोन पलंगाच्या कडेला पुस्तकांना टेकवून उभा केला आणि समोर बसली.

"आधी सांगा. केव्हापासून दुखतंय?"

"सकाळधरनं."

"काय उचललं होतं?"

"बॅगा. पर्यटकाच्या. लई जड, दगडं भरली व्हती का काय."

"छातीत?"

"नाय."

"हातात, जबड्यात?"

"नाय, नाय. लाव की आता."

"धाप लागतेय?"

"तू बोलाया लावणं थांबवलं तर नाय लागणार."

"घाम?"

काकांनी मान वळवून आपल्या पाठीकडे बघायचा प्रयत्न केला. मग आत्याचा आवाज आला, लांबून, "थांब, हात लावून बघते." पडद्यावर आत्याचा हात, बांगड्या, पांढरं बनियन.

"कोरडं हाय," आत्या म्हणाली. "नळ नाय आले आज."

मग तनुजाने मोजा काढला.